दुखऱ्या पायांनी चारठाण्याला

चारठाण्याला पायी जाऊन आलो असं सांगितलं की परभणीतले लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग पायांकडे. पायांत बघण्यासारखं काही नाही. दोन्ही जागेवर आहेत आणि दोन्ही दुखतात. तीन वर्षं झाली, दुखतातच आहेत.

मी इथल्या एका शाळेत कवायतीचा मास्तर. विशीत तालमीच्या मातीत लोळलो, पुढं वीस वर्षं पोरांना जोर, बैठका, लेझीम शिकवली. तीन वर्षांमागं हाडमोड्या ताप आला. ताप आठ दिवसांत गेला, पण जाताना पोटऱ्यांत, मांड्यांत, खांद्यांत आपलं बिऱ्हाड ठेवून गेला. सकाळी उठताना अंग वाळलेल्या कातड्यासारखं ताठ. चार बैठका मारल्या तर दुसऱ्या दिवशी वाटतं, रात्रभर कुणी मांड्या मुसळानं कांडल्या. तेल झालं, निर्गुडीचा शेक झाला, बिब्बा झाला. बिब्ब्यानं कातडी उतली, दुखणं जागच्या जागी. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आराम करा. सहा महिने आराम केला. दंड उतरले, पोट सुटलं, आणि दुखणं तितकंच राहिलं.

सुटीच्या आदल्या दिवशी सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, साहेबांनी मला आपल्या खोलीत बोलावलं. मोठा सज्जन माणूस. स्वतः उठून खुर्ची पुढं केली आणि म्हणाले, "मास्टरसाब, आपकी तकलीफ देखी नहीं जाती. दफ्तर में मुहर्रिर की जगह खाली है. कुर्सी पर बैठिए, आराम से नौकरी कीजिए." कारकुनीच्या त्या जागेबद्दल सुटी संपली की जवाब द्यायचा होता. माणूस चांगल्या मनानं बोलत होता, त्यामुळं राग काढावा तरी कुणावर? बेचाळिसाव्या वर्षी मला मैदानावरून उचलून हजेरीपटापुढं ठेवणार होते, एवढंच मला ऐकू आलं.

घरी आलो तर थोरली बहीण गिरजाआक्का भिंतीला टेकून वाती वळत बसलेली. ती पालमची. घरच्या एका कार्याला म्हणून आली होती. तिचं एकच मागणं होतं, चारठाण्याची देवळं बघायची. आमचे वडील कधीकाळी व्यापारानिमित्त तिकडं जाऊन आले होते आणि तिथल्या काळ्या दगडाच्या देवळांचं त्यांनी असं काही वर्णन केलं होतं की ते तिच्या डोक्यात चाळीस वर्षं जसंच्या तसं बसलं होतं. पण लढाईचे दिवस, पेट्रोल मिळेना, जिंतूरकडच्या मोटारीचा नेम राहिला नव्हता.

"पायी जाऊ," मी म्हणालो.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "तुमाला उंबरा वलांडताना कळ येतीय. आन चारठाण्याला पायी?"

"म्हणूनच," मी म्हणालो. याच्यापेक्षा जास्त मला स्वतःलाही समजावून सांगता आलं नसतं.

झरी

शाळेच्या निजामशाही कागदांवर फसली सालाचा बहमन महिना होता, आमच्या पंचांगात पौष. थंडी अशी की बैलांच्या नाकातून वाफा निघत होत्या. मी पाठीवर वळकटी बांधली, आक्कानं भाकऱ्यांचं गाठोडं काखेत मारलं आणि आम्ही जिंतूरच्या सडकेला लागलो. दोन्ही अंगांना ज्वारी कमरेच्या वर आली होती, कणसं भरत आली होती. मध्येच करडईचे पट्टे. सडक म्हणजे दोन चाकोऱ्या आणि मधे फुफाटा.

मी पहिल्या पावलापासून कवायतीच्या चालीनं निघालो, छाती पुढं, टाच दाबून. पोटऱ्या ओरडायला लागल्या तसा मी आणखी जोर केला. आक्का मागं पडत होती, मी थांबत होतो, पुन्हा सुटत होतो. दुपारी एका आंब्याखाली भाकरी खायला बसलो आणि उठायला गेलो तर मांड्या जागच्या हलेनात. आंब्याचं खोड धरून उभा राहिलो.

आक्का बघत होती. म्हणाली, "मन्मथा, तू चालायलायस का वाटंसंगं भांडायलायस?"

राहिलेली वाट मी तिच्या मागून चाललो. तिची चाल बारीक, एकसारखी. घाई नाही आणि थांबणंही नाही.

झरीत शंकरअप्पा वाण्यांकडं उतरलो. लांबचे सोयरे. दुकानाच्या ओट्यावरून त्यांनी आम्हा लिंगायतांचा "शरणार्थ" नमस्कार केला, आम्ही केला, आणि मी ओट्याची एकच पायरी चढायला किती वेळ घेतो ते सगळ्या दुकानानं बघितलं. झालं! जेवायला भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, आणि तोंडी लावायला माझं दुखणं. एक म्हणाला, हा वात. दुसरा म्हणाला, ही कुणाची तरी नजर. शंकरअप्पा म्हणाले, "आमच्या गावात एक जण हाय. इळा लाल करून मांडीवर दोन डाग देतोय. रडत येनारा हसत जातोय बघा. बोलवू का?"

आणि मी नको म्हणायच्या आत एक जण बोलवायला उठलासुद्धा. माणसं प्रेमानंच करत होती. पण तीन वर्षांत ज्यानं त्यानं आपलं औषध माझ्या अंगावर वापरून घेतलं होतं, आणि त्या घटकेला ते सगळे लेप, सगळे शेक एकदम आठवले. "नको," मी म्हणालो, जरा मोठ्यानंच. "दुखतं ते माझं दुखतं. डाग द्यायचा असेल तर मी सांगेन."

आक्का आतून म्हणाली, "त्या डाग देनाऱ्याला आदी आपल्या मांडीवर ठिवून दाखवा म्हनावं." तेव्हा कुठं शंकरअप्पांना हसू आलं. डाग देणारा आला तो सुपारी खाऊन गेला.

दुधनेचं पाणी

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा परत फिरायचा विचार आला नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. पाय खाली टाकला आणि डोळ्यांत पाणी आलं. आक्का भस्म लावून लिंगपूजेला बसली होती. तिची पूजा होईपर्यंत मी अंगणात नुसता फिरत राहिलो, म्हाताऱ्यासारखा, भिंतीच्या कडेकडेनं. सात-आठ फेऱ्यांनंतर ध्यानात आलं की पाय जरा सैल पडलेत. दुखणं होतंच, पण ताठरपणा उतरला होता. आदल्या दिवशी मी उठल्या उठल्या धावतच सुटलो होतो.

वाटेत सरकी नेणारी एक बैलगाडी गाठ पडली. ओळखीचा गाडीवान म्हणाला, "बसा की मास्तर, बोरीपसत्तर सोडतो."

"नको. मी चालणार आहे."

आक्का थांबली. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा गाडीकडं. "तुझी रग तुझ्यापाशी," ती म्हणाली. "मी बसते." आणि चाकाच्या आऱ्याला धरून ती चढलीसुद्धा. चढताना ती दोन क्षण अर्ध्यात थांबली होती. लुगड्याचा काष्टा अडकला असेल, असं मला वाटलं.

एकटा चाललो. दुधना आडवी आली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं, पण पाणी मात्र बर्फासारखं. गुडघाभर पाण्यात निम्म्यात पोहोचलो आणि उजव्या पोटरीत गोळा आला. तालमीतल्या माणसाला गोळा नवा नाही, पण हा असा आला की पाय जणू दुसऱ्याचा झाला. मी वळकटीसकट पाण्यात बसलो. माझी टिपणवहीही बसली. या हकिकतीत पहिल्या दोन दिवसांची गावं कमी आहेत याचं कारण तेच. शाई दुधनेला गेली.

पलीकडच्या काठावर एक परटीण कपडे आपटत होती. ती आधी पोटभर हसली, मग हात देऊन तिनं मला ओढून काढलं. पाय चोळू लागलो तर म्हणाली, "चोळू नगा वल्ल्या अंगानं. त्या वाळूवर पडा. तापलीय ती. आमी सकाळधरनं पान्यात उभ्या ऱ्हातो, दुपारी तितंच पडतो."

पडलो. पालथा पडलो, मग उताणा. पोटऱ्यांवर वाळू ओढून घेतली. तीन वर्षांत इतकं बरं कशानं वाटलं नव्हतं. दुखणं गेलं नाही, पण जरा बाजूला सरकून बसलं. बाईंनी मधेच ओरडून सांगितलं, "झोपू नगा बरं का, न्हाईतर उठवायला चार मानसं लागतीन." ते तिला कसं माहीत, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

बोरीच्या अलीकडं आक्का एका शेतात बसलेली दिसली. ज्ञानबा नावाच्या शेतकऱ्याकडं हुरड्याची आगटी पेटली होती आणि बाई अशा बसल्या होत्या जसं काही माहेरच. आमच्या पालमकडं हुरड्याबरोबर गूळ देतात, इथं दह्यात कालवलेली लसणाची चटणी दिली. मला पालमचा गूळ जास्त आवडतो, तरी दोन पळसाची पानं भरून हुरडा खाल्ला. ओला सदरा बघून ज्ञानबा म्हणाले, "नदीत बुडालाव का काय?"

"बुडालो नाही. बसलो होतो."

"पान्यात?"

"हो."

त्यांनी आणखी एक कणीस निखाऱ्यात घातलं आणि पुढं काही विचारलं नाही. अशी माणसं मला फार बरी वाटतात.

जिंतूर

बोरीच्या पुढं काळी जमीन संपत जाते. माळ लागतो, दगड वर येतात, टेकड्या दिसू लागतात. तिसऱ्या दिवशी मी आक्काच्या चालीनं चाललो. घटकाभर चालायचं, चार श्वास उभं राहायचं, बसायचं ते उन्हात आणि थोडंच. सावली आली की मी टाळायचो, त्यामुळं लोकांना मी येडा वाटलो असेन. पण त्या संध्याकाळी जिंतूरच्या वेशीत शिरलो तेव्हा मी कशालाही धरलेलं नव्हतं.

जिंतुरात एका हकीमसाहेबांचं नाव ऐकलं. म्हातारे, पांढरी दाढी, मेंदीनं लाल झालेली बोटं. औषध घ्यायला मी गेलो नव्हतो, आक्कानं ढकललं म्हणून गेलो. त्यांनी नाडी बघितली, मग उभं राहायला लावलं. "बैठो. उठो. और बैठो." मग माझ्या पायाला आपला हात लावून म्हणाले, "धकेलो." मी ढकललं. हकीमसाहेब गादीसकट वीतभर मागं सरकले.

"हौ," ते दाढी नीट करत म्हणाले. "दुखता सो अलग, कमजोर सो अलग. पठ्ठे जिंदा हैं तुम्हारे. दर्द रहता, रहने दो. मगर बिस्तर नको पकड़ो. बिस्तर पकड़े तो ये भी जाते."

पायांचे स्नायू जिवंत आहेत, हे तीन वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. दुखतं म्हणजे पाय गेले, असंच मी धरून चाललो होतो, आणि जगही तसंच धरून चाललं होतं. मला त्या म्हाताऱ्याला मिठी मारावीशी वाटली.

मग त्यांनी आक्काकडं बघितलं. "और आपा, तुमको?"

"मला काय व्हतंय," आक्का म्हणाली आणि पदर सावरून दाराकडं वळली.

हकीमसाहेब तिच्या चालीकडं बघत राहिले. मी माझ्याच आनंदात होतो.

जाताना त्यांनी एक काढा दिला. माणसाचं निदान सोन्यासारखं, पण काढ्याबद्दल तसं म्हणता येत नाही. पुढचा सबंध दिवस मी धर्मशाळेत आणि धर्मशाळेमागच्या निवडुंगात काढला. आक्का ताकावर ताक पाजत होती आणि हसू दाबत होती. दिवसभर पडून राहिल्यामुळं संध्याकाळी पाय पुन्हा लाकडासारखे झाले. हकीमसाहेबांचं म्हणणं त्यांच्याच काढ्यानं पटवून दिलं.

चारठाण्याची वाट

पाचव्या दिवशी निघालो तेव्हा मी नुसता खुशीत होतो. आदल्या दिवसाच्या पोटामुळं अंग हलकं झालं होतं. वाट चढउताराची, दोन्हीकडं बोरी-बाभळी. त्या दिवशी बोलत मीच होतो. मुदर्रिस साहेबांना काय सांगायचं, कसं सांगायचं, सगळं आक्काला ऐकवत होतो. ती हं म्हणत होती. दुपारनंतर तिचं हं बंद झालं तेही मला लवकर कळलं नाही.

एका ओढ्यावर ती पाणी प्यायला वाकली आणि तशीच खाली बसली.

"चल आक्का. दोन कोसच राहिलं असेल."

"तू हो म्होरं."

"का?"

"हो म्हनलं ना म्होरं. येते मी."

मी चार पावलं गेलो आणि वळून बघितलं. ती उठायला बघत होती. दोन्ही हात जमिनीला टेकले होते, ओठ दातांत धरला होता, आणि कंबर वर येत नव्हती. मी पळत मागं आलो.

"पडलीस का? काय झालं?"

"काय न्हाई. पाठ धरलीय. सुटंल."

"कवापासून?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

ती ओढ्याकडं बघत राहिली. "धाकल्याच्या बाळंतपनापासून. धा-बारा वरीस झाले असतील."

"आणि बोलली नाहीस?"

तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"कुनाला बोलू? तुला ताप आला तवा सगळं पालम तुला बघाय आलं. मीबी आले, तुझे पाय चोळले. तुझ्या पायाला वैद झाला, डागदर झाला, हकीम झाला. तुझे पाय दुखायले तर शाळा तुला खुर्ची द्यायलीय, आन तू रुसून बसलायस. मला कुनी जात्यावरनं ऊठ म्हनलं का? मीबी कुनाला म्हनले न्हाई. म्हनून काय व्हनार व्हतं?"

गाडीच्या चाकावर अर्ध्यात थांबलेली ती मला दिसली. घरी भिंतीला टेकून वाती वळणारी दिसली. हकीमसाहेबांनी विचारलेला प्रश्न ऐकू आला. तिसऱ्या दिवसापासून मी तिच्या चालीनं चालत होतो, आणि ती चाल कशाची होती हे मला कळलं नव्हतं. घाई न करणारी ती बारीक पावलं दहा-बारा वर्षं दुखत चालण्याची होती.

"पाठकुळी घेतो तुला," मी म्हणालो. "तालमीतला माणूस आहे मी. चारठाण्यापर्यंत नेतो."

"मढं हाय का मी?" ती कडाडली. "हात लावू नगंस. चारठान्याला मी माझ्या पायानं जानार."

मग मी हात लावला नाही. बाभळीच्या काटक्या गोळा करून जाळ केला. ओढ्यातले चपटे गोटे जाळाशी ठेवले आणि तापल्यावर वळकटीतल्या माझ्या धोतरात गुंडाळून तिच्या कमरेला दिले. ती तोंडावर पदर ओढून बसली. उघड्या रानात धाकट्या भावाकडून शेकून घ्यायची तिला लाज वाटत होती. मी म्हणालो, तू माझे पाय चोळलेस तेव्हा मला लाज नाही वाटली. ती पदराआडून म्हणाली, "तू पुरुस. तुला कसली लाज वाटतीय." गोटे निवले की दुसरे ठेवत गेलो. तिसऱ्या खेपेला ती माझ्या खांद्याला धरून उठली.

"आता बसायचं नाही," मी म्हणालो. "बसलं की धरतं. पन्नास पावलं चालायचं, उभ्या उभ्या थांबायचं, पुन्हा पन्नास. मी मोजतो."

"मोज."

वीस वर्षं पोरांना मोजत आलो, पण त्या दिवसासारखं कधी मोजलं नाही. डावा, उजवा. डावा, उजवा. सावकाश. पहिली पन्नास पावलं तिनं डोळे मिटून टाकली. दुसऱ्या पन्नासला डोळे उघडले. पुढं पुढं तीच माझ्याबरोबर मोजू लागली, आणि मी पन्नासला थांबलो की म्हणायची, "अजून धा." नऊवारी लुगडं, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि चारठाण्याच्या वाटेवर आमची दोघांची कवायत चाललेली. माझ्याही मांड्या तोपर्यंत पेटल्या होत्या. पेटू देत म्हटलं.

समोरून बाजारकरी येत होते. त्यांतला एक जण उभाच राहिला. "पावनं, बाईला कंच्या पलटनीत भरती करायलाव?"

माझ्या आधी आक्का म्हणाली, "चारठान्याच्या. तू येतूस का?"

तो हसत बाजूला झाला आणि त्यानं दोन्ही हात जोडून वाट दिली.

दिवेलागणीला आम्ही चारठाण्याच्या वेशीत होतो. पाच माणसांना विचारून एका जंगमांच्या घरी उतरलो. त्या घरच्या बाईंना आक्कानं दारातच सांगितलं, "मला खाली बसता येत न्हाई. पाठ दुखायलीय. काय उंच बसायला असंल तर द्या." मी ऐकत होतो. एवढं लहानसं वाक्य, पण बोलताना तिचा आवाज भांडायला उठल्यासारखा झाला होता. त्या बाईनं चौरंग आणला, त्यावर पोतं घातलं.

चारठाणा

देवळांबद्दल मी जास्त लिहीत नाही. ती जाऊनच बघावीत. गावात जिकडं तिकडं काळा दगड. कुठं सबंध देऊळ, कुठं नुसते खांब, कुठं कुणाच्या गोठ्याच्या भिंतीत बसलेली एखादी कोरीव मूर्ती. खांब असे गुळगुळीत की दगडाचे आहेत हे हात लावून बघावं लागतं. ज्यांनी ते घडवले त्यांचे खांदे दुखले नसतील का, असं मनात आलं. दुखलेच असणार, रोज.

आक्कानं महादेवापुढं उभ्यानंच हात जोडले. वडिलांनी सांगितलं होतं तसंच आहे का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "त्याच्याहून बारीक हाय. पन चांगलं हाय." मग ती बाहेर आली. सकाळचं ऊन देवळाच्या भिंतीवर पडून दगड तापला होता. तिनं गुरवाला विचारलं, "बाबा, हितं पाठ टेकली तर चालतंय का?"

"टेका की आई. देव कायला राग धरतोय."

ती दोन तास त्या दगडाला पाठ लावून उभी राहिली, कधी बसली. मी शेजारी. तिथं आम्ही पुष्कळ बोललो. मी म्हणालो, सुनांना सांग, दळण आता त्यांनी करावं, तू काम सोड.

"काम सोड म्हनू नगंस," ती म्हणाली. "काम सोडून काय करू? भिताडाकडं बघत बसू? मला काम पायजे. पन दोन पायल्या दळायच्या तर एक दळीन, मधी उठीन, शेकीन, मंग दुसरी दळीन. आन दुखायलंय म्हनून तोंडानं सांगीन."

माझ्या खुर्चीचा जवाब याच्यापेक्षा नीट मला आलाच नसता.

परत

येताना जिंतूरहून कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार मिळाली. चढ आला की ती उभी राहायची आणि ड्रायव्हर सगळ्यांना उतरवून ढकलायला लावायचा. चार चढ ढकलले. बाकी वाटभर बाकावर बसून इतके धक्के खाल्ले की दोघांनाही पायी आलो असतो तर बरं झालं असतं असं वाटलं.

सुटी संपली. मी मुदर्रिस साहेबांकडं गेलो आणि खुर्ची दिली तरी उभाच राहिलो. म्हणालो, "हुजूर, दर्द है. कुर्सी पर भी रहेगा, मैदान पर भी रहेगा. तो फिर मैदान पर ही रहने दीजिए."

साहेबांनी विचारलं, "और किसी दिन लड़कों के सामने गिर पड़े तो?"

"तो उठूंगा, हुजूर."

त्यांनी साल अखेरपर्यंतची मुदत दिली आहे. पुढचं पुढं. रोज घंटेभर आधी उठतो, ऊन पाण्यानं पाय शेकतो, अंगणात भिंतीच्या कडेनं फिरतो आणि मग शाळेत जातो. एक दिवस जोराची मेहनत, दुसरा दिवस हलकी. पोरांनाही मी आता आल्या आल्या पळवत नाही, आधी अंग तापवून घेतो. काही दिवस वाईट जातात. परवा लेझीम घेताना खांदा असा धरला की हात वर जाईना. डाव्या हातानं घेतली.

आक्का आणखी दोन दिवस राहिली. मग तिचा थोरला मुलगा बसवण्णा कापसाची गाडी घेऊन परभणीला आला आणि रिकाम्या गाडीतून तिला न्यायला दारात उभा राहिला. गाडीत त्यानं नावाला चार पेंढ्या टाकल्या होत्या.

"आनखी कडबा टाक," आक्का म्हणाली. "आन वर वाकळ हातर. माझी पाठ दुखायलीय."

बसवण्णा दावं बांधत होता. त्याचा हात थांबला. "कवापासून?"

"धा-बारा वरीस झाले."

"मंग बोलली का न्हाईस आई?"

"तू इचारलंस का?"

माझी बायको दारात, मी पायरीवर, शेजारचे दोघे-तिघे. सगळ्यांनी ऐकलं. बसवण्णा तीस वर्षांचा बाप्या माणूस, त्याचे कान लाल झाले. त्यानं आमच्या परसातून कडब्याच्या सहा पेंढ्या आणल्या, सोडून पसरल्या, वर वाकळ घातली, हातानं दाबून बघितली, पुन्हा एक पेंढी सोडली. मग तो चाकापाशी उकिडवा बसला आणि आईला पाय ठेवायला आपली मांडी पुढं केली. ती अर्ध्यात थांबली. त्यानंही घाई केली नाही.

गाडी गंगाखेडच्या वाटेला लागली. बैल सावकाश चालत होते, त्यामुळं बराच वेळ दोघांचा आवाज येत राहिला. कुठं दुखतं, कसं दुखतं, वाकल्यावर जास्त का उठताना, ती सांगत होती, आणि दर थोड्या वेळानं तो विचारत होता, "आन मंग?"